एकोणऐंशी, एकोणऐंशी, सदतीस

स्क्रीनवर तीन आकडे उमटले तेव्हा देविका खिडकीबाहेर बघत होती. म्हणजे कमाल बघा, पाच वर्षं ज्याच्यासाठी चेन्नईच्या उन्हात स्वतःचा पापड करून घेतला, ते यायच्या नेमक्या वेळी बाईसाहेब बघतायत काय, तर कॅन्टीनच्या नळाखाली एक कावळा इडलीचा तुकडा भिजवून मऊ करतोय. मग तिनं मान वळवली, आणि आकडे. एकोणऐंशी, एकोणऐंशी, सदतीस. जिना संपलाय हे न कळता अजून एक पायरी आहे म्हणून पाय टाकावा आणि खालून जमीन दाणकन लागावी, तसं तिला झालं. पहिल्यांदा वाटलं, चुकून कुणाची तरी जुनी फाइल उघडलीय. बंद केली, पुन्हा उघडली. कॉम्प्युटरला पुन्हा हिशेब करायला लावला. तो बिचारा इमानी, त्यानं पुन्हा तेच सांगितलं. शेजारच्या काचेच्या कपाटात तिचा खडा, साखरेच्या कणाएवढा, सुतासारख्या फाशात अडकून क्ष-किरणांसमोर उभा होता, आणि यंत्र त्याला जरा जरा वळवून चित्रं घेत होतं. एकेक चित्र असं सुंदर! काळ्यावर शुभ्र ठिपके, कडेपर्यंत, रांगोळी काढणाऱ्या बाईनं दोरी लावून टाकल्यासारखे. तरुण नावाचा तिचा ज्युनिअर सकाळपासून तेवढंच घोकत होता, "अक्का, वॉट स्पॉट्स, अक्का! आता तुझा पीएचडी पक्का!" पक्काला अक्का जुळतं म्हणून स्वतःवरच खूश. तंजावरच्या मराठी घरातला पोरगा, पण मराठी बोलायचा ती तमिळ चालीवर, प्रत्येक वाक्य शेवटी उचलून धरल्यासारखं.

आता या आकड्यांचं काय एवढं, तर खडा, म्हणजे स्फटिक, असतो काय, एकच रेणू, लाखो करोडो वेळा, एकाच मापाच्या खोक्यात बसवून, खोक्याला खोकं लावलेलं. फरशी बसवतात तसं, फक्त वर-खालीसुद्धा. त्या एका खोक्याची लांबी, रुंदी, उंची म्हणजे हे तीन आकडे. आणि प्रत्येक प्रथिनाचं खोकं त्याचं त्याचं. देविकाचं प्रथिन क्षयाच्या जंतूतलं, जगात कुणी अजून त्याचा आकार बघितलेला नाही, म्हणजे त्याचं खोकं किती मोठं हे कुणालाच माहीत असायचं कारण नाही. पण एकोणऐंशी, एकोणऐंशी, सदतीस हे माप माहीत नाही असा माणूस त्या इमारतीत नव्हता. या धंद्यात जगात कुठंच नसेल. ते कोंबडीच्या अंड्याच्या पांढऱ्याचं माप होतं. लायसोझाइम. अंड्याच्या पांढऱ्यात असतं, आत शिरणाऱ्या जंतूंच्या भिंती कापतं, पिल्लाची राखण करतं. विकरांमध्ये सगळ्यात आधी आकार कळला तो त्याचाच, देविकाची आई दोन वेण्या घालून शाळेत जात होती तेव्हा. त्याचा खडा कुणालाही पडतो. न पाडता पडतो. पाच वर्षं घासून तिनं जे जगाला पहिल्यांदा दाखवायचं, ते जगानं चाळीस वर्षांपूर्वी बघून कपाटात ठेवून दिलेलं होतं.

तिनं तरुणला हाक मारली नाही. हे तिचं तिलाच नंतर नवल वाटलं. ती फक्त स्टुलावर जरा पुढं सरकली, अशी की मागून येणाऱ्याला तिच्या डोक्याआडून आकडे दिसू नयेत. एसीचं गार वारं मानेवर, आणि बाहेरच्या उकाड्यात नुकताच वाळलेला घाम खाजतोय. डोकं मात्र कामाला लागलं होतं, एखादी गोष्ट हरवल्यावर आपण कसं मागं मागं जातो, शेवटची कुठं ठेवली होती, तसं. आणि फार मागं जावं लागलंच नाही. तिचं प्रथिन वाढायचं साध्या जंतूंच्या पोटात. ते बाहेर काढायचं तर जंतू फोडायचे. फोडायचं एक यंत्र होतं, आवाजाच्या कंपनांनी फोडणारं, ते गेल्या पावसाळ्यात लॅबमध्ये पाणी शिरलं तेव्हा मेलं. मग सगळे करतात तेच तिनं केलं, जंतूंची भिंत कापायला लायसोझाइम घातलं. चिमूटभर घालायचं. यंत्र नाही म्हणून तिनं दोन चिमटी घातलं. कधी तीन. आणि नंतर धुऊन काढलं, धुऊन काढलं की ते जातं असं सगळेच धरून चालतात. वजनाला तिचं प्रथिन आणि ते, दोघं जवळजवळ सारखेच, त्यामुळे तपासणीतही एकाच जागी एक रेघ. ती रेघ बघून ती नाचली होती. आता तिला ते सगळं कसं दिसायला लागलं, जसं काही ती तिथं होतीच, त्या थेंबात: तिचं प्रथिन, लाजरं, पाण्यात विरघळून बसलेलं, हलायला तयार नाही, आणि मधूनच हे कोपऱ्यात उरलेलं थोडंसं, चटकन एकमेकांचे हात धरून उभं राहिलेलं. लग्नात नवरी आतच राहावी आणि वाढप्यांनीच हार घालून घ्यावेत.

आणि ते लायसोझाइम तरी कुठलं, बाटलीतलं विकतचं नव्हे. लॅबचं स्वतःचं. लॅबप्रमुख राघोत्तम सरांची ही रीतच होती. नवीन पोरगं आलं की पुस्तक नाही, भाषण नाही, थेट म्हणायचे, "जा, सहा अंडीं घेऊन या." सर तंजावरकडचे, माध्व ब्राह्मण, घरात कांदासुद्धा सणावाराला बंद, आणि लॅबमध्ये येणाऱ्या प्रत्येकाच्या हातून आधी अंडी फोडून घेणार! देविका बार्शीची. तिच्या घरी अंडं या शब्दालासुद्धा वास होता. लहानपणी एकदा शेजारच्या खुराड्यातून तिनं एक उचललं होतं, नुकतंच घातलेलं, आणि ते गरम होतं, म्हणजे तापवलेल्या वस्तूसारखं नव्हे, गालासारखं गरम, आणि आईनं, कल्पनाताईंनी, राखेनं तिचे हात असे घासले होते की दोन दिवस तळवे हुळहुळत होते. तर ती पहिल्या दिवशी वेस्ट मांबलमच्या गल्लीत, जिथं प्रत्येक दारात कोलमची रांगोळी आणि प्रत्येक खिडकीत सुकत घातलेलं नऊवार, तिथं मुट्टै, म्हणजे अंडं, कुठं मिळेल म्हणून कुणाला विचारायची लाज वाटून स्टेशनापर्यंत चालत गेली. सहा अंडी पिशवीत, पिशवी ओढणीत, आणि बसमध्ये उभी, छातीशी पोर धरल्यासारखी. सर त्या वेळी डोळ्यांनी धड होते. तिच्याशेजारी उभे राहून शिकवलं, पिवळं फुटू द्यायचं नाही, पांढरं हळू ढवळायचं, फेस आणायचा नाही, मलमलीतून गाळायचं, मीठ घालायचं, खार घालायचा. आणि मग शेवटी फ्रीजमधून एक छोटी कुपी काढून तिच्यातलं थेंबभर: आधीच्या पोराच्या खड्यांचं पाणी. विरजण लावतात ना, तस्संच. आधीच्या पोराच्यात त्याच्या आधीच्याचं, त्याच्यात त्याच्याही आधीच्याचं, असं थेट सरांच्या स्वतःच्या पहिल्या कुपीपर्यंत. "हें आमचें घराणें," सर म्हणाले होते, "तुम्हीं आजपासून यांत आलां, मा." चार दिवसांनी कुपी उजेडात धरली तर आत नुसता चमचमाट. तिला रडू आलं होतं. इतकं सोपं असेल असं तिला वाटलं होतं! तो चमचमाट बघून ती राहिली, नाहीतर तिची पुण्याची जागा नक्की होती. आणि मग पाच वर्षं, शेकडो थेंब, भिंगाखाली रोज तेच: काही नाही, काही नाही, गढूळ, काही नाही.

आईचा फोन दर रविवारी. "पडला का गं खडा?" सुरुवातीला कौतुकानं, मग सवयीनं, मग टोमण्यानं. "पाच वर्षं खडे पाडतेयस. पोटात झाले असते तर डॉक्टरनं एव्हाना काढून हातात दिले असते." देविका हसायची. हसणंच सोपं होतं. फेलोशिप मार्चमध्ये संपली हे तिनं घरी सांगितलंच नव्हतं. सरांनी कुठून कुठून जुळवून तीन महिने काढले होते, तेही आता संपत आलेले. सर शुक्रवारी निवृत्त होणार. त्यांच्यानंतर ही लॅब दुसऱ्या कुणाची, यंत्रंसुद्धा. आणि सरांच्या नावावर आयुष्यभरात दुसऱ्यांच्या कामाला लावलेले हात पुष्कळ, पण स्वतःच्या लॅबमध्ये सुरुवातीपासून शेवटपर्यंत सोडवलेला, जगात कुणी न पाहिलेला असा एकही आकार नाही. देविकाचा हा पहिला. शुक्रवारी निरोपाच्या भाषणात ते तो सांगणार होते. काल संध्याकाळी खडा चांगला निघाला म्हटल्यावर तरुणनं फोन करून टाकला, तिला न विचारता, आणि सरांनी पलीकडून बायकोला ओरडून सांगितलेलं तिला इथं ऐकू आलं, "हेमलते, पाहुणा आला!" त्या प्रथिनाला ते पाहुणाच म्हणायचे. येतो येतो म्हणतो आणि येत नाही म्हणून.

दुपारपर्यंत तिनं खात्रीसुद्धा करून घेतली. करायची गरज नव्हती, पण आपण नाही का, दात दुखत असतो आणि जीभ पुन्हा पुन्हा तिथंच नेतो. जगाच्या साठ्यातून लायसोझाइमचा आकार उतरवला, आपल्या ठिपक्यांवर बसवला. बसला. बसला म्हणजे कसा, हातमोज्यात हात जावा तसा नव्हे, हातात हात जावा तसा. ठिपक्यांवरून स्क्रीनवर उमटलेल्या निळ्या जाळीतून रेणूची साखळी अशी सरसर गेली की कुठं अडखळली नाही. दोन गोळे, मध्ये एक खोल फट. त्या फटीत जंतूच्या भिंतीची साखळी येऊन बसते आणि कापली जाते. तिला ते सुंदर वाटलं. तेच तर भयंकर होतं, की ते सुंदर होतं, आणि बघताना आतून तिला थोडा आनंदसुद्धा झाला, शरीराला काही कळत नाही, ते उगाच खूश होतं. तिनं विचार केला, सांगायचं. साधं आहे, सर, चूक झाली. मग विचार केला, शुक्रवारनंतर सांगायचं. चार दिवस. चार दिवसांत कुणाचं काय जातंय, म्हातारा माणूस एकदा उभा राहून बोलेल, लोक टाळ्या वाजवतील, घरी जाऊन झोपेल. पेपर छापायला जायच्या आधी सांगू, हिशेबात गडबड निघाली म्हणून. हे ती इतकं शांतपणे ठरवत होती की तिला स्वतःचीच भीती वाटली. तहान लागली होती, पण पाणी प्यायला उठली तर स्क्रीन उघडा पडेल म्हणून तशीच बसून राहिली.

चारच्या सुमाराला काठीचा आवाज आला. साखरेनं सरांचे डोळे दोन वर्षांत नेले होते, आता कडेकडेनं उजेड तेवढा कळायचा, आणि माणूस बोलला की त्याच्या थोडं डावीकडं बघून ते उत्तर द्यायचे. रिक्षावाल्यानं दारापर्यंत सोडलं, तरुण धावत जाऊन हात धरून घेऊन आला. दुसऱ्या हातात स्टीलचा डबा. "आधीं हें खा," सर म्हणाले, "तुमच्या हेमलता अम्मांनीं केसरी पाठवली. पाहुण्यांस दाखवून मग सर्वांस वाटा म्हणाल्या. मी म्हटलें, पाहुणा कोठला खातो, तो अठ्ठावीस पोरींचें काळीज खाऊन बसला आहे."

"अठ्ठावीस कुठं सर, मी एकटीच," देविका म्हणाली.

"तुम्हीं एकट्याच अठ्ठावीस, मा. खा खा."

तिनं तो केशरी शिरा चमचाभर खाल्ला. तूप, वेलदोडा, गरम रवा टाळ्याला चिकटला. तरुण म्हणाला, "सर, मी ऑफिसला जाऊन येतो, शुक्रवारच्या पत्रिकेला तुमच्या भाषणाचं शीर्षक पाहिजे म्हणतायत," आणि गेला. सर चाचपडत तिच्याशेजारच्या खुर्चीवर बसले, काठी गुडघ्यांत धरली, हनुवटी काठीवर ठेवली, आणि डोळे मिटले. मिटायची काही गरज नव्हती. "सरी, बरें. सांगा. काय दिसतें?"

आणि तिला अचानक कळलं की हे किती सोपं आहे. त्यांना काहीच दिसत नाही. ती म्हणेल तो आकार. पिंपासारखा म्हटलं तर पिंप, पंख्यासारखा म्हटलं तर पंखा. तिनं स्क्रीनकडून तोंड फिरवलं, मुद्दाम, भिंतीवरच्या ओल आलेल्या डागाकडं बघितलं, म्हणजे डोळ्यांत ते नको यायला. "सर, सुरुवात जरा सैल आहे," ती म्हणाली.

"असूं दे. मग?"

"मग एक हेलिक्स. छोटासा पीळ." मनात ती म्हणत होती, आता पट्ट्या, आता पट्ट्यांचं पिंप, पट्ट्या म्हण. "मग एक वळण... मग दुसरी हेलिक्स."

"अच्छा. मग?"

"मग पट्ट्या आहेत सर. तीन." तीनच का, पाच म्हण, आठ म्हण! पण तोंड पुढं गेलेलं होतं, बैलाला वाट पाठ असते आणि गाडीवान झोपलेला असतो तसं. तिनं जन्मात आतून-बाहेरून ओळखलेला आकार एकच होता. पहिल्या वर्षी सरांनीच तो तिच्याकडून घटवून घेतला होता, रोज सकाळी, पाढे घटवावेत तसा, आणि आता ती जो जो नवा आकार रचायला जात होती तो तो त्याच घडीवर मोडत होता. "मग एक लांब, मोकळा तुकडा, कुठं कुठं फिरणारा. मग... मग एक मोठी हेलिक्स. मधोमध जाणारी."

तिनं त्यांच्याकडं बघितलं. त्यांनी काठी मांडीवर आडवी ठेवली होती आणि दोन्ही हात वर उचलले होते, हवेत, अंजली उघडावी तसे, एक तळवा मोठा गोल, दुसरा जरा लहान, आणि मध्ये फट. बोटं हळूच हलत होती, दिसत नसलेल्या तारेवरून फिरावीत तशी. मग ती थांबली. बराच वेळ हात तसेच हवेत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर राग शोधायला लागली ती, निदान राग तरी असावा. तो नव्हता. तोंड थोडं उघडं पडलं होतं, एवढंच, झोप लागलेल्या माणसाचं पडतं तसं, आणि एका क्षणात ते तिला किती म्हातारे दिसले.

"त्या फटींत," ते अगदी हळू म्हणाले, "या बाजूस एक ग्लुटामिक असेल. समोर एक अ‍ॅस्पार्टिक."

तिनं डोळे पुन्हा भिंतीवरच्या डागाकडं नेले.

"पाहा, मा. आहे ना?"

तिनं बघितलं. बघायचं काय, तिथंच होते दोघं, लायसोझाइमचे भिंत कापणारे दोन दात, समोरासमोर, जिथं असायचे तिथं. "आहेत, सर."

"होय," सर म्हणाले. त्यांनी हात खाली घेतले, आणि ते कुठं ठेवावेत ते न कळून डब्याचं झाकण चाचपलं, लावलं, दाबून बसवलं. तिला वाटलं, आता विचारतील, किती चिमटी घातलीत. किंवा म्हणतील, तुम्हांस कधीं कळलें. सकाळी कळलं, सर, सकाळपासून मी इथं स्क्रीन झाकून बसलेय, असं सांगायला ती जवळजवळ तयार झाली होती, शिव्या खायला इतकं मन कधी आसुसलं नव्हतं. पण त्यांनी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर तिला उत्तर तरी देता आलं असतं. ते तिच्या डावीकडं, फ्रीजकडं बघत म्हणाले, "फार साफ निघाला असेल. तो नेहमीं साफ निघतो."

तरुण पत्रिकेचा कागद घेऊन आत आला. "सर, शीर्षक? आणि अक्काचं नाव पहिलं घालायचं का तुमचं?"

"शुक्रवारीं भाषण नको म्हणून सांग," सर म्हणाले. "केवळ कॉफी ठेवा."

"अय्यो, का सर? एवढा पाहुणा आलाय—"

"घसा बरा नाहीं." ते उठले. उठल्यावर रोजच्यासारखा त्यांनी उजवा हात देविकाच्या बाजूला पुढं केला, दोन वर्षं तीच त्यांना जिन्यापर्यंत न्यायची, कोपर धरून, पायऱ्या आल्या की "सर, आली" म्हणून. हात हवेत तिच्या खांद्याजवळ थांबला. तिला उठायचं होतं. खरंच. तिनं स्टुलाच्या कडा घट्ट धरल्या, पाय फरशीला लावले, आणि शरीर काही केल्या वर येईना. सरांनी थोडी वाट बघितली, मग हात आणखी थोडा फिरवला, जणू ती तिकडं असेल, मग पुन्हा इकडं. तरुणनं तिच्याकडं बघितलं, त्याला काही कळलं नव्हतं, आणि त्यानं पुढं होऊन तो हात आपल्या हातात घेतला.

"कोण?" सर म्हणाले.

"मी सर, तरुण. अक्का कामात आहे."

"होय. करूं दे," सर म्हणाले. काठी व्हरांड्यात लांब गेली, जिन्याशी थांबली. मग तिथून त्यांचा आवाज आला, हळू बोलतोय असं त्यांना वाटत असावं, डोळे गेल्यापासून त्यांना ते समजायचं नाही. "तिचें पैसे कधींपर्यंत आहेत?"

"या महिनाअखेरपर्यंतच ना सर."

काठी जिन्याच्या कठड्यावर दोनदा वाजली. मग तरुण म्हणाला, "सर, पायरी," आणि ते दोघं खाली उतरायला लागले.